स्वीडनमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र: स्कान्सेनला नुसती अस्वलं बघायला जाऊ नका

नमस्कार मंडळी,

मे महिना लागला की आपल्या ग्रुपवर तोच प्रश्न येतो. आईबाबा येतायत, स्टॉकहोममध्ये काय काय दाखवू? उत्तरं पण ठरलेली, वासा जहाज मस्ट, गामला स्तानमध्ये फोटो, बोटीतून एक चक्कर, आणि मग कुणीतरी विचारतं स्कान्सेन, म्हणजे देशभरातली जुनी घरं आणून मांडलेलं ते टेकडीवरचं उघडं म्युझियम, वर्थ आहे का, तर लिहून येतं की ठीकठाक आहे, झू छोटाय, अस्वलाची पिल्लं दिसली तर नशीब, बाकी जुनी लाकडी घरं आहेत ती स्किप केलीत तरी चालेल. हे "स्किप केलीत तरी चालेल" वाचून वाचून माझं डोकं फिरलंय, म्हणून हे पत्र. कुणा एकाला उद्देशून नाहीये, शिस्ता, सोल्ना, उप्साला, गोथेनबर्ग, लुंड, जिथे जिथे आपले लोक आहेत त्या सगळ्यांना आहे.

आणि आधीच सांगते, मी टुरिस्ट लोकांशी बोलत नाहीये. जो माणूस चार दिवसांसाठी आलाय त्याने अस्वलं बघावीत, आइस्क्रीम खावं आणि सुखाने विमानात बसावं. मी बोलतेय ते इथे घर घेतलेल्या, पासपोर्ट बदललेल्या, ज्यांची पोरं घरात एकमेकांशी स्वीडिशमध्ये भांडतात त्या आपल्यासारख्यांशी. आपल्याला या देशाचा टॅक्स कळतो, डेकेअरची रांग कळते, टायर कधी बदलायचे ते कळतं, पण समोर जे लाल लाकडी घर दिसतं ते लालच का आणि ते उभं कुणी ठेवलंय हे विचारावंसं वाटत नाही. मला ते खटकतं.

तर पहिलं म्हणजे ती घरं प्राण्यांच्या मध्ये डेकोरेशन म्हणून ठेवलेली नाहीत. आर्तुर हाझेलियस नावाचा एक माणूस होता, 1833 साली स्टॉकहोममध्येच जन्मलेला, पेशाने शिक्षक, भाषेचा अभ्यासक, स्वीडिशचं स्पेलिंग सुधारावं म्हणून वाद घालणारा. म्हणजे म्युझियमशी त्याचा तसा काही संबंध नव्हता. 1872 च्या उन्हाळ्यात तो बायकोबरोबर मध्य स्वीडनमधल्या दालार्ना प्रांतात फिरायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की गावागावातले कपडे, भांडी, विणकाम, सगळं डोळ्यांदेखत नाहीसं होत चाललंय. मग त्याने विकत घ्यायला सुरुवात केली. सुरुवात घरापासून नाही झाली बरं का, दालार्नातल्या स्तोरा तूना गावच्या एका लोकरी स्कर्टपासून झाली. पुढच्याच वर्षी, 1873 मध्ये, स्टॉकहोमच्या द्रोत्तनिंगगातानवर त्याने प्रदर्शन उघडलं पण. त्यातूनच पुढे नूर्दिस्का म्युझियम झालं. ती स्टॉकहोमच्या यूरगोर्डेन बेटावरची राजवाड्यासारखी इमारत, जिच्यासमोर आपण ट्रामची वाट बघतो, ती पूर्ण झाली 1907 ला, आणि हा माणूस वारला 1901 मध्ये, म्हणजे त्याने ती पूर्ण झालेली पाहिलीच नाही.

आता हे सगळं नाहीसं का होत होतं ते बघा, कारण ते कळल्याशिवाय स्कान्सेन कळत नाही. एक म्हणजे जमिनीची वाटणी. 1827 चा जो कायदा आला त्याने गावातल्या विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करून प्रत्येकाला सलग जमीन द्यायची ठरली, शेतीसाठी चांगलंच होतं ते, पण त्यात गाव फुटलं, पिढ्यानपिढ्या एकमेकांना चिकटून राहिलेली घरं उचलून ज्याच्या त्याच्या शेतावर गेली. दुसरं म्हणजे रेल्वे आणि कारखाने, तयार कापड स्वस्तात मिळायला लागल्यावर घरी कोण विणणार. आणि तिसरं म्हणजे अमेरिका. 1850 पासून पुढच्या ऐंशी वर्षांत बारा लाखांच्या वर लोक देश सोडून गेले, आणि 1900 मध्ये अख्ख्या स्वीडनची लोकसंख्या होती साधारण 51 लाख, यावरून अंदाज करा. म्हणजे आज आपण व्हिसाच्या रांगेत उभे राहून ज्या देशात आलो तो देश शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी स्वतःच रिकामा होत होता. हाझेलियसची घाई त्या काळातली आहे. त्याचं एक म्हणणं इथे अजून सांगतात, की असा दिवस उजाडेल जेव्हा आपल्याकडचं सगळं सोनं ओतलं तरी गेलेल्या काळाचं चित्र उभं करता येणार नाही. हे तो नुसतं बोलला नाही, सरकार पैसे देईल म्हणून थांबला पण नाही. लोकांकडून देणग्या मागितल्या, उत्सव भरवले, तिकिटं लावली, मित्रांच्या मागे लागून लागून पैसे जमवले.

दालार्नातल्या मोरा गावचं एक लाकडी घर त्याने 1885 मध्येच घेऊन ठेवलं होतं, तेव्हा ते मांडायला हक्काची टेकडीसुद्धा नव्हती! टेकडी नंतर मिळाली आणि 11 ऑक्टोबर 1891 ला स्कान्सेन उघडलं. ते मोरा गावचं घर आजही तिथे आहे. अगदी पहिलाच प्रयोग होता असं नाही, नॉर्वेत ऑस्लोजवळ राजा ऑस्कर दुसरा याने त्याआधीच दहाएक वर्षं जुनी घरं आणि एक लाकडी चर्च हलवून मांडलं होतं. पण फरक असा की हाझेलियसला नुसती घरं नको होती. चुलीत विस्तव पाहिजे, दारात त्या त्या भागाचे कपडे घातलेली बाई पाहिजे, अंगणात कोंबड्या पाहिजेत, व्हायोलिन वाजलं पाहिजे, सण त्या त्या दिवशी झाले पाहिजेत. 6 जूनला आपल्याला जी सुट्टी मिळते ना, तो दिवस साजरा करायची सुरुवात पण स्कान्सेनवरच झाली, 1893 मध्ये. राष्ट्रीय दिवस म्हणून तो ठरला 1983 ला आणि सुट्टी मिळाली 2005 पासून. पुढच्या वेळी त्या दिवशी बार्बेक्यू लावताना लक्षात असू द्या.

आता घर एवढं अख्खं हलतं कसं हा प्रश्न मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो आणि आपल्यातल्या इंजिनिअर लोकांना पण वाटायला हवा. ही घरं आडव्या ओंडक्यांची असतात, एकावर एक रचलेली, कोपऱ्यात दोन्ही ओंडक्यांना खाचा पाडून एकमेकांत अडकवलेली. भिंतीला खिळे नाहीत. वरच्याचं वजन खालच्यावर बसतं आणि घर जसजसं जुनं होतं तसतसं ते आणखी घट्ट बसत जातं, ओंडक्यांच्या मधल्या फटीत शेवाळ ठासून भरतात म्हणजे वारा येत नाही. त्यामुळे हलवायचं झालं तर प्रत्येक ओंडक्यावर नंबर टाकायचा, वरून खाली एकेक उतरवायचा, गाडीवर घालायचा, नव्या जागी त्याच क्रमाने चढवायचा. जुन्या काळीसुद्धा शेतकरी घर विकायचे म्हणजे खरंच घर विकायचे, जमीन नाही, विकत घेणारा ते उचलून घेऊन जायचा. मग म्युझियमवाल्यांनी काही भलतंच केलं असं म्हणता येत नाही.

स्कान्सेनवर गेलात तर एक घर निवडा आणि तिथे अर्धा तास थांबा, एवढंच माझं मागणं. निवडायचंच असेल तर ओक्तोर्पचं घ्या. हे हालांदमधलं, म्हणजे नैऋत्येकडचं, 1896 ला आणलेलं, एकट्या घराऐवजी अख्खा वाडा आणला तो हा. मधे बुटकं राहतं घर आणि दोन्ही बाजूंना त्याच्याहून उंच कोठारं, लांबून बघितलं तर घर दोघांच्या खांद्यांमध्ये बसल्यासारखं दिसतं. आत गेलात की वर माळा नाही, थेट छप्पर, आणि उजेड छपरातल्या छोट्या खिडकीतून. डोळे सरावायला वेळ लागतो. टेबल, बाक, पलंग सगळं भिंतीला लागून, मधली जागा मोकळी. दिवसभर शेतात असलेल्या माणसांचं घर आहे ते, तिथे सोफा ठेवायची कल्पनाच नाही. आणि मग तिथून उठून उत्तरेकडच्या, हेरिएदालेनमधल्या एल्वरूसच्या वाड्यात जा, तिथे प्रत्येक कामाला वेगळी झोपडी, राहायला एक, घोड्यांना एक, गाईंना एक, धान्याला एक, आणि धान्याची कोठी जमिनीवर टेकलेलीच नाही, खांबांवर उचललेली, उंदीर चढू नयेत म्हणून. दक्षिणेतला शेतकरी सगळं एकमेकांना जोडतो, उत्तरेतला सुटंसुटं ठेवतो. एका दुपारी एका टेकडीवर हे दोन्ही दिसतं, आणि आपण अस्वलाच्या कुंपणापाशी तास घालवतो.

छताचं पण सांगते कारण ते कुणी बघत नाही. गवत उगवलेली छपरं फोटोत छान येतात म्हणून सगळे फोटो काढतात आणि सगळ्यांना वाटतं गवतामुळे पाणी आत येत नाही. गवताने पाणी थांबत नाही हो, थांबतं ते खालच्या बर्च झाडाच्या सालीने. बर्चची साल पाणी पिऊच देत नाही, थरांवर थर घालून ती पसरतात. पण सालीची खोड अशी की ती गुंडाळी होऊ बघते, म्हणून तिच्यावर वजन पाहिजे, ते वजन म्हणजे मातीसकट गवताचे तुकडे. आणि साल हवी तेव्हा निघत नाही, उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडात रस चढलेला असतो त्या थोड्याच आठवड्यांत ती नीट सुटते. म्हणजे छप्पर कधी करायचं हे झाड ठरवतं.

आणि लाल रंग. फालूनची तांब्याची खाण, जिच्या तांब्यावर एकेकाळी स्वीडनचा खजिना चालायचा, 2001 पासून ती युनेस्कोच्या यादीत आहे. तिथल्या टाकाऊ मातीतून हा रंग निघतो. करायची पद्धत अगदी स्वयंपाकघरातली, पाणी उकळायचं, त्यात हिराकस घालायचं, राईचं नाहीतर गव्हाचं पीठ घालून खळ शिजवायची, मग रंगाची भुकटी, शेवटी जवसाचं तेल. मी आमच्या गावातल्या संस्थेच्या अंगणात हे होताना बघितलंय, मोठ्या पिंपात, लांब काठीने ढवळत, आणि ढवळणारे आजोबा सारखे ओरडत होते की गुठळ्या होऊ देऊ नका. मला एकदम घरचं वाटलं. हा रंग प्लॅस्टिक पेंटसारखा लाकडाचं तोंड बंद करत नाही, लाकूड ओलं झालं तर वाळू देतो. शिवाय खाणीतलं लोह वगैरे लाकूड कुजण्यापासून जपतं. आपल्यातल्या कितीजणांनी घर घेतल्यावर वरून झटपट टिकणारा पेंट मारलाय ते मला माहितीये, नाव घेत नाही.

प्राण्यांबद्दल पण एक तक्रार. अस्वलं, लांडगे, मूस ठीक आहेत, पण वाड्यांच्या आसपास ज्या गाई-डुकरं दिसतात ती पण बघा की. पांढरी, अंगावर काळे ठिपके असलेली, बिनशिंगांची डोंगरी गाय, किंवा ते लिंडरूडचं ठिपकेवालं डुक्कर. ही जुनी देशी वाणं आहेत, सुधारित जातींपुढे एकेकाळी संपायच्या बेतात आलेली. ही डुकरं उरली कारण काही प्राणीसंग्रहालयांनी आणि हट्टी शेतकऱ्यांनी ती पाळत ठेवली. पोरांना ते डुक्कर दाखवून सांगा, हे पण म्युझियमच.

आता दुसरी बाजू, कारण मी काही स्कान्सेनची जाहिरात करत नाहीये. या सगळ्या गोड चित्रात बरंच लपलंय. सुरुवातीच्या काळात लोकांना दाखवायचा होता तो स्वतःच्या जमिनीवरचा, रंगीत कपडे घातलेला, धष्टपुष्ट शेतकरी. पण गावात भूमिहीन पण होते ना. टेकडीच्या कुशीत अर्ध्या पुरलेल्या झोपड्या होत्या. मोठ्या जमीनदारांकडे राबणारे "स्तातारे" होते, लग्न झालेले मजूर, वर्षाच्या करारावर, पगार बराचसा धान्य-दुधाच्या रूपात, बायकोने दूध काढायला जायचं हे गृहीतच, आणि ऑक्टोबर संपता संपता करार संपला की पोरंबाळं गाडीवर घालून दुसऱ्या जमीनदाराकडे. ही पद्धत बंद झाली कधी तर 1945 ला! म्हणजे आपल्या स्वीडिश शेजाऱ्यांच्या आजी-आजोबांनी ती भोगलेली असू शकते. स्तातारे लोकांची लांबलचक चाळ स्कान्सेनवर आहे, पण ती बरीच उशिरा आली. तिथे गर्दी कधी नसते. मला विचाराल तर पाहुण्यांना तीच आधी दाखवा, गिरणगावात वाढलेल्या कुणा काकांना तिथे काही समजावून सांगावं लागणार नाही.

सामी लोकांचं, म्हणजे उत्तरेतल्या मूळनिवासी लोकांचं, तर आणखी अवघड आहे. हाझेलियसच्या वेळी सामी कुटुंबांना रेनडिअरसकट स्कान्सेनवर राहायला आणलं होतं, आणि स्टॉकहोमची मंडळी तिकीट काढून ते कसे राहतात, काय खातात ते बघायला यायची. घर बघणं वेगळं आणि घरातल्या माणसाला बघणं वेगळं. "आपलं लोकजीवन जपा" या ओढीचा एक शेजारी फार वाईट होता हे विसरू नये, 1922 मध्ये माझ्याच गावात, उप्सालात, वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था निघाली होती, माणसांची मोजमापं घेणारी, फोटो काढणारी, आणि त्यात सामी लोकांना काय काय सोसावं लागलं ते आता उघडपणे बोललं जातं. आज सामींचं स्वतःचं म्युझियम पार उत्तरेला योक्मोक्क गावी आहे, आय्त्ते, 1989 पासून, आणि तिथे आपल्याबद्दल काय सांगायचं ते सामीच ठरवतात. फेब्रुवारीत योक्मोक्कचा बाजार भरतो तेव्हा आपल्यातले काही हौशी नॉर्दर्न लाइट्स बघायला तिकडे जातातच, तर म्युझियमला दोन तास द्या. स्कान्सेनवर सामींचा तळ आहे, एकाच खांबावर उचललेली त्यांची कोठी बघण्यासारखी आहे, पण आधी आय्त्ते आणि मग हे असं जमलं तर जास्त बरं.

आणखी एक आक्षेप आपल्यातलेच हुशार लोक घेतात, की हे सगळं उपटून आणलंय, मूळ गावात नाहीये, म्हणजे खोटंच ना. अर्धं बरोबर आहे. वाडा आला, पण त्याच्या समोरचं कुरण, मागची नदी, शेजाऱ्याशी असलेलं भांडण, ते हालांदमध्येच राहिलं. स्वीडिश लोकांनाही हे कळलं म्हणून नंतर त्यांनी जागेवर जपायला सुरुवात केली. हेल्सिंगलांद प्रांतातले सात शेतवाडे 2012 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, ते सगळे जिथले तिथेच आहेत. जवस आणि जंगलाच्या पैशावर श्रीमंत झालेले शेतकरी, त्यांनी आपल्या घरात नुसत्या समारंभासाठी मोठमोठ्या खोल्या बांधल्या, भिंतींवर चित्रं काढून घेतली, बरेचदा दालार्नाहून फिरतीवर आलेल्या चित्रकारांकडून, आणि मग त्या खोल्या वर्षानुवर्षं जवळपास बंद. कधीतरी लग्न, कधीतरी मोठी मेजवानी. वापरल्या नाहीत म्हणूनच रंग टिकले, मजाच आहे. आणि 2024 मध्ये तर घरं नाही, काम यादीत गेलं, स्वीडन आणि नॉर्वे दोघांनी मिळून. उन्हाळ्यात गाई-शेळ्या जंगलातल्या दूरच्या कुरणावर न्यायच्या, तिथेच राहायचं, तिथेच चीज आणि लोणी करायचं, ही जी फेबूदची पद्धत आहे ती. हे काम मुख्यतः बायका आणि मुलींचं. गाईंना बोलवायला त्या जी उंच आवाजात हाक मारतात, कूलनिंग म्हणतात तिला, ती जंगलात किलोमीटरच्या किलोमीटर जाते. एकदा समोरासमोर ऐका, मोबाइलवर तिचा निम्मा आवाज पण येत नाही. पण ही हाक जपायची तर गाय पाहिजे, कुरण पाहिजे आणि उन्हाळाभर जंगलात राहायला तयार असलेला माणूस पाहिजे. ते तिकीट लावून होत नाही.

इथे मी मूळ मुद्द्यावर येते. स्कान्सेनची काळजी करायला माणसं आहेत, साधारण 75 एकर, दीडशेच्या आसपास इमारती, पगारी सुतार, माळी, गाइड. त्यांना आपली गरज नाही. गरज आहे ती आपल्या घरापासून दहा मिनिटांवर जे छोटं स्कान्सेन असतं त्याला. तुम्ही पाहिलंय ते, कदाचित कळलं नसेल काय आहे. बस स्टॉपच्या मागे दोन-तीन लाल घरं, मधे हिरवळ, झेंड्याची काठी, उन्हाळ्यात रविवारी कॉफी आणि वाफल. ते हेमबिग्डसगोर्ड, तिथल्या स्थानिक वारसा संस्थेचं. देशभर अशा सुमारे 2000 संस्था आहेत, 1916 पासून त्यांचा एक राष्ट्रीय संघ आहे, सभासद चार लाखांच्या आसपास. कुठे जुनी शाळा, कुठे पाणचक्की, कुठे लोहाराचं दुकान, हे सगळं बहुतेक ठिकाणी बिनपगारी लोक सांभाळतात. आणि ते लोक सत्तरीचे आहेत. आमच्या इथल्या वार्षिक सभेत मी बसते तेव्हा मी त्यातली तरुण मुलगी असते, आणि मला पन्नाशी जवळ आलीये.

काम काय असतं म्हणाल तर शोभेचं काही नसतं. भिंतीचा सगळ्यात खालचा ओंडका जमिनीच्या ओलीने कुजतो, तो नेहमी आधी कुजतो, मग जॅक लावून अख्खं घर बोटभर उचलायचं, कुजका काढायचा, नवा सरकवायचा, घर परत खाली बसवायचं. हे बघायला मिळणं हीच फी वसूल आहे. मी बघितलं त्या वेळी आठ-नऊ म्हातारे आणि एक आमच्यातला सॉफ्टवेअरवाला, त्याच्या बायकोने जबरदस्तीने पाठवलेला, आणि घर उचललं गेल्यावर आतून जो कर्र आवाज आला त्याने सगळे एकदम गप्प झाले, मग सुतार म्हणाला काही नाही, घर बोलतंय फक्त. जुलैत कुरण कापायचं असतं, लांब दांड्याच्या विळ्याने, मशीनने नाही, कारण हाताने उशिरा कापलं तरच तिथली रानफुलं दरवर्षी येतात. विळा आपल्याला जमत नाही, गवत वाळवायच्या लाकडी चौकटीवर घालायचं काम जमतं, ते आपण करावं.

आता तुमच्या मनातला प्रश्न, कारण तो मला प्रत्येकजण विचारतो. आपलं तिथे स्वागत होईल का? खोटं बोलत नाही, काही राजकीय मंडळींनी हे लोकपोशाख आणि लोकगीतं आपल्या झेंड्यासारखी वापरलीत, आणि त्यामुळे आपल्यासारख्या रंगाचा माणूस त्या अंगणात शिरायला बिचकतो. पण 2010 मध्ये इथल्याच लोकसंगीतकारांनी एकत्र येऊन उघड सांगितलं की आमचं संगीत परक्यांच्या द्वेषासाठी वापरू नका. आणि खरं सांगू का, या वारशात "शुद्ध" असं काही नाहीच. पोल्स्का, जो इथल्या व्हायोलिनवाल्यांचा जीव की प्राण, तो नाच पोलंडकडून आला. मिडसमरचा, म्हणजे जूनमधल्या उन्हाळी सणाचा, फुलापानांचा खांब जर्मनीकडून आला असं मानतात. बटाटा तर बाहेरचाच. बाहेरून आलेल्या गोष्टी घासून घासून इथल्या झाल्या. आमच्या संस्थेत पहिल्या दिवशी मला कुणी काही विचारलं नाही, कॉफी कोण करणार एवढंच विचारलं, आणि मी केली ती त्यांना जरा पातळ वाटली. तेवढीच काय ती तक्रार.

तर मागण्या अशा. आपली मंडळं गणपतीला आणि दिवाळीला हॉल शोधत फिरतात, शाळेचे हॉल मिळत नाहीत म्हणून रडतात, तर यातल्या बऱ्याच संस्था आपलं मोठं धान्याचं कोठार भाड्याने देतात, उन्हाळी कार्यक्रमाला त्यांना विचारा. तेवढं भाडं त्यांच्या छपराला लागतं. दिवे आणि उदबत्ती मात्र आत नको, हे त्यांनी सांगायच्या आधी आपणच मान्य करू, सगळं लाकूड आणि वाळलेलं गवत आहे. दुसरं, सभासद व्हा, बहुतेक ठिकाणी वर्षाची फी एका पिझ्झाच्या आसपास असते. नुसतं नाव नोंदवून थांबू नका, फेब्रुवारी-मार्चमध्ये वार्षिक सभा असते तिला जा, वेबसाइट सांभाळायला आणि जुने फोटो स्कॅन करायला त्यांना माणूस हवाच असतो आणि आपल्याकडे तर दुसरं काही येतच नाही. तिसरं, पोरांना पाठवा. आमच्या भागात निकेलहार्पा शिकवतात, उप्लांदचं, म्हणजे उप्सालाच्या आसपासच्या प्रांताचं, वाद्य आहे ते, तारा आणि लाकडी चाव्यांचं, आणि तबला शिकणाऱ्या पोराला त्याचा ताल पकडायला वेळ लागत नाही असं मी बघितलंय.

आणि आईबाबा आलेच आहेत तर स्कान्सेन दाखवाच. सकाळी लवकर जा, टेकडीच्या मागच्या बाजूने सुरू करा, घरातल्या गाइड बाईंना प्रश्न विचारा, त्यांना तेच आवडतं. आपल्या आयांना चूल, जातं, चरखा, विणमाग यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं, भाषांतर करायला तुम्ही मधे उभे राहा आणि दोघींना बोलू द्या. स्टॉकहोम लांब पडत असेल तर उप्सालाला या, गामला उप्सालात दीसागोर्डेन आहे, उप्लांदमधली घरं आणून मांडलेलं, स्कान्सेनसारखी गर्दी नाही.

मिडसमर ईव्ह शुक्रवारी असते, 19 ते 25 जूनच्या मधे जो येईल तो. खांब उभा करायला माणसं कमी पडतात, दोन-दोन काठ्यांच्या जोड्यांनी तो वर ढकलायचा असतो आणि दरवर्षी अर्ध्यावर जाऊन अडतो. सकाळी फुलं आणि पानं बांधायला पण हात लागतात, जिथे राहता तिथल्या संस्थेला आजच मेल टाका. आणि उप्सालाकडची मंडळी, आमच्याकडे त्यानंतरच्या आठवड्यात बर्चची साल काढायचं काम आहे, धान्याच्या कोठीचं छप्पर गळतंय. हातमोजे आणि डासांचा स्प्रे आपापला आणा, दुपारच्या कॉफीची जबाबदारी माझी, या वेळी घट्ट करीन.

तुमच्यातलीच एक,
उप्सालाहून